गुड मॉर्निंगची हजेरी

'सौम्य' हा शब्द कुणी उच्चारला की अजूनही माझ्या डोक्यात तिडीक जाते. आमच्या ऑफिसात तो दिवसातून पन्नास वेळा ऐकू येतो, अर्थात इंग्रजीतून. सौम्य रंग, सौम्य आवाज, सौम्य आठवण. मी दुबईत एका छोट्या कंपनीत डिझायनर आहे. माणसाने फोनमध्ये कमी डोकं घालावं म्हणून फोनमध्येच घालायचं एक ॲप आम्ही बनवतो. हसू नका, पगार चांगला देतात.

आमचं ॲप ओरडत नाही, दटावत नाही. तुम्ही मेसेज उघडायला गेलात की पडद्यावर एक हिरवं पान येतं, सावकाश उलगडतं आणि श्वास घ्यायला सांगतं. तरीही मेसेज बघायचेच असतील तर अगदी खाली बारीक अक्षरांत 'तरीही उघडा' असं इंग्रजीत लिहिलेलं असतं. त्या अक्षरांचा रंग मी ठरवला. पांढऱ्यावर फिकट राखाडी. दिसतच नाही अशी तक्रार करता येऊ नये, पण शोधायचा कंटाळा यावा, इतका फिकट. त्या राखाडीवर मी तीन दिवस घालवले होते आणि वर टीममध्ये शाबासकीही मिळवली होती.

पण माझं खरं कर्तृत्व वेगळंच. कुठले मेसेज महत्त्वाचे आणि कुठला कचरा, हे ॲपला शिकवायचं होतं. मीटिंगमध्ये सगळे डोकं खाजवत बसले होते. मी उठले आणि आमच्याकडच्या गुड मॉर्निंगवाल्या बायकांची नक्कल करून दाखवली. फोन हातभर लांब धरायचा, चष्मा नाकावर आणायचा, आणि एका बोटाने गुलाब, मग चहाचा कप, मग उगवता सूर्य, खाली सुविचार. अर्धं ऑफिस भारतीय, प्रत्येकाच्या घरी अशी एक मावशी. हसून हसून लोकांची पुरेवाट झाली. मी म्हणाले, ग्रुपवर सकाळी येणारी चित्रं सरळ एका टोपलीत टाका आणि संध्याकाळी एकदम दाखवा. ज्याला जास्तच सवय असेल त्याच्यासाठी गाढ शांततेचा पर्याय ठेवा, दुपारी बारापर्यंत मेसेज उघडणारच नाहीत. आमचा प्रॉडक्ट हेड टेबलावर थाप मारून म्हणाला, "ब्रिलियंट! यल्ला, चलो, बिल्ड इट."

नक्कल मी माझ्या आईची केली होती.

आईला मी तीन वर्षांपूर्वी खेडहून अल बर्शाला आणलं. बाबा गेले, मी एकुलती एक, तिला तिथे एकटीला कसं ठेवणार, असं मी सगळ्यांना सांगत होते. खेडला आमचा ब्लॉक एका साध्या चार मजली बिल्डिंगीत, बी विंगमध्ये. आई ब्लाउज शिवायची. बिल्डिंगीतल्या प्रत्येक बाईचं माप तिला तोंडपाठ होतं आणि मापाबरोबर बाकीचंही बरंच काही. इथे सहाव्या मजल्यावर तिला कुणाचं मापच घ्यायचं नव्हतं. नवरा अबू धाबीच्या साइटवर, घरी येतो वीकएंडला. मी ऑफिसात, मुलगी शाळेत. राहता राहिला तिचा फोन.

पहाटे पावणेपाचला ती उठायची. मी डोळे चोळत बाहेर यायचे तेव्हा ती सोफ्याच्या कडेला ताठ बसून फोन हातभर लांब धरलेली असायची. टिंग. टिंग. टिंग. मधूनच हळू आवाजात काहीतरी रेकॉर्ड करायची. मला बघितलं की थांबायची. मला वाटायचं, हिला व्यसन लागलंय आणि ते हिला कळतंयसुद्धा. मला तिचा राग यायचा. म्हातारपणी जप कर, बाल्कनीत बस, काहीतरी शिव, पण हे काय? दिवसभर लोकांची व्यसनं सोडवायची आणि घरी आपल्याच सोफ्यावर हा प्रकार. हे मी तिला बोलूनही दाखवलं होतं, एकदा नव्हे, बऱ्याचदा.

मग ती संध्याकाळ आली. दुसऱ्या दिवशी सकाळी पैसे गुंतवणाऱ्या लोकांसमोर माझं प्रेझेंटेशन होतं. मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप लावून तयारी करत होते आणि आई शेजारच्या खुर्चीवर कुणाचा तरी व्हॉइस मेसेज पुन्हा पुन्हा ऐकत होती. कुणाच्या तरी गुडघ्याबद्दल काहीतरी होतं. तिसऱ्यांदा तो गुडघा ऐकला आणि माझा तोल गेला.

"आई, खलास! बंद कर ते. दे इकडे फोन."

तिने दिला. लहान मूल देतं तसा नाही. दुसऱ्याच्या घरी पाहुणे असताना यजमानाने काही मागितलं तर आपण जसं चटकन देतो, तसा. हे मला आत्ता लिहिताना दिसतंय. तेव्हा मी फक्त फोन घेतला आणि आमचं ॲप टाकलं.

ॲप टाकताना ते एक प्रश्न विचारतं. 'या वेळात कुणाला तुमची गरज असते का?' हा प्रश्न माझाच. टीममधल्या लोकांनी तो काढा म्हणून माझ्याशी वाद घातला होता आणि मी तत्त्वाचा मुद्दा करून तो ठेवायला लावला होता. आई माझ्या शेजारी बसली होती. तिच्या साडीचा पदर माझ्या कोपराला लागत होता. मी तिला काही न विचारता 'वगळा' दाबलं आणि गाढ शांतता निवडली. पहाटे पाच ते दुपारी बारा.

"आता बघ कसं शांत वाटेल," मी म्हणाले.

"बरं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सव्वासहाला चहा ओतत होते. मुलगी शाळेच्या गणवेशात उभ्या उभ्या टोस्ट खात होती. आई स्वयंपाकघराच्या दारात आली. हातात फोन.

"अगं, जरा बघतेस का हे? ग्रुप उघडत नाहीये. नुसतं पान येतंय. सगळ्यांचं बघायचं राहिलंय."

"काय बघायचं राहिलंय? गुलाब?"

मुलगी खो खो हसली. "आजी, इट्स जस्ट वन डे! डिजिटल डिटॉक्स!"

"तसं नाही गं, दोन मिनिटं उघडून दे, मग परत बंद कर."

"आई, एक दिवस. एक दिवस तू त्याच्याशिवाय राहून दाखव. मरणार नाही कुणी."

मी हे शब्द बोलले. शब्दशः. कुणी मला नंतर म्हणालं की असं आपण सहज बोलून जातो, मनाला लावून घेऊ नये. मी लावून घेणार आहे. आई बाल्कनीत जाऊन उभी राहिली. मला वाटलं, रुसली. मी पर्स उचलली आणि निघाले.

प्रेझेंटेशन झकास झालं. काचेच्या खोलीत आठ लोक, कॉफी, खजूर. टोपलीच्या स्लाइडवर आल्यावर मी लॅपटॉपपासून बाजूला झाले आणि म्हणाले की माझी स्वतःची आई आज सकाळपासून हे ॲप वापरते आहे. मग तिची ती हातभर लांब फोन धरण्याची नक्कल करून दाखवली. ते सगळे हसले. एक जण म्हणाला, त्याच्या सासूसाठी आजच पाहिजे. मी बघितलं तर प्रॉडक्ट हेड मला अंगठा दाखवत होता. मी अगदी फुलून गेले होते.

नंतर मी वेळ जुळवून बघितली. तेव्हा दुबईत सव्वानऊ वाजले होते, म्हणजे खेडला पावणेअकरा.

दहाच्या सुमारास माझा फोन वाजला. खेडच्या आमच्या समोरच्या ब्लॉकमधल्या चाचींचा मुलगा. चाची म्हणजे आईची तीस वर्षांची शेजारीण, एकमेकींच्या घरात न विचारता पातेल्याचं झाकण उघडून बघणाऱ्या त्या दोघी. हा मुलगा इथे एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत फोरमन आहे, अल कुसैसला राहतो. ईदला आणि दिवाळीला आमची भेट होते, एरवी फोन नाही.

"ताई, काकी बऱ्या आहेत ना?"

"हो. का रे भाई?"

"सकाळी त्यांचा मेसेज नाही आला. मला वाटलं काकींनाच काही झालं. साइटवर होतो, म्हटलं ब्रेकमध्ये फोन करू. आत्ता घरून फोन आला." मग त्याचा आवाज एकदम बारीक झाला. "अम्मी बाथरूममध्ये पडली, ताई. सकाळी तिकडच्या सहा-सव्वासहाला. अकराला कामवाली आली, तिने दार वाजवलं, मग वरच्या बाईंकडून किल्ली आणून उघडलं. तोपर्यंत तशीच पडून होती. पाण्यात."

"कुठला मेसेज?" मी विचारलं. त्या क्षणी मला तेवढंच सुचलं.

"काकींचा. रोज सकाळी इथल्या सव्वासहाला येतो ना. 'तुझ्या अम्मीचं फूल आलं, जा तू कामाला.' तो ऐकून मी गाडीत बसतो."

मी काचेच्या खोलीबाहेर उभी होते. आतले लोक उरलेले खजूर खात होते. माझी आई रोज सकाळी माझ्याच सोफ्यावर बसून काय करत होती, हे मला दुसऱ्या कुणाच्या तरी मुलाने फोनवर सांगितलं.

मी घरी गेले. आई जेवणाच्या टेबलाशी बसली होती, समोर फोन, त्यावर ते पान. तिला सांगायला सुरुवात केली आणि पहिल्या वाक्यातच ती उभी राहिली. "कोण? नाव नको घेऊस, कुठला मजला सांग." मजला सांगितल्यावर ती परत बसली. मग ती चिडली. माझ्या आईला चिडलेली मी आयुष्यात फार कमी वेळा बघितली आहे. ती ओरडत नाही, तिचे शब्द सुटे सुटे होतात.

"मी पाचला उठून काय टाइमपास करत होते वाटलं तुला? तीन वर्षांत एकदा तरी वाचलास तो ग्रुप? एकदा? माझ्या हातातून फोन घ्यायला वेळ आहे तुला, त्यात काय आहे ते बघायला नाही."

मग तिने सांगितलं. बी विंगमध्ये आता अकरा बायका एकट्या राहतात. सगळ्यांची मुलं बाहेर, दुबई, शारजा, दोहा, कुवेत. आई इथे आल्याच्या पहिल्याच वर्षी तळमजल्यावरची एक बाई गेली आणि दीड दिवस कुणाला कळलं नाही. सगळ्या हादरल्या. तेव्हा आईनेच सुचवलं की सकाळी साडेसातच्या आत प्रत्येकीने ग्रुपवर एक फूल टाकायचं.

"रोज उठून 'मी जिवंत आहे' असं कोण लिहिणार? लाज वाटते. फूल टाकायला काही वाटत नाही."

हजेरी आई घ्यायची. ती सगळ्यांत आधी उठते आणि तिला दुसरं काम नव्हतं, म्हणून. साडेसात म्हणजे इथले सहा. कुणाचं फूल आलं नाही की ती त्या बाईला फोन लावायची. उचलला नाही तर वरच्या बाईंना, कारण सगळ्यांच्या किल्ल्या त्यांच्याकडे. बहुतेक वेळा फोन चार्ज करायला विसरलेली असायची. दोनदा ताप निघाला, एकदा साखर खाली गेलेली. मग आई ज्यांच्या मुलांना हवं असेल त्यांना व्हॉइस मेसेज टाकायची. कुवेतमध्ये कुणी, कतारमध्ये कुणी. ते रेकॉर्डिंग ती हळू आवाजात करायची, मला झोपमोड नको म्हणून.

"मला उठवायचं नाही का?" मी म्हणाले. मला स्वतःचीच लाज वाटली, पण म्हणाले.

"मला वाटलं तू बंद केलंयस. तुला चालत नाही म्हणून. तुझ्या घरात तुझा नियम. आणि तुझं ते प्रेझेंटेशन होतं." तिने टेबलावरचा फोन माझ्याकडे सरकवला. "मी विचारलं तुला. विचारलं की नाही?"

विचारलं होतं. आणि त्या 'तरीही उघडा'चं तर ती बोललीच नाही, कारण तिला ते दिसलंच नव्हतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या बाईला पांढऱ्यावरचं फिकट राखाडी दिसत नाही. आमच्या ऑफिसात ॲप तपासून बघायला आम्ही ज्यांना बोलावतो ती सगळी तिशीतली, जिमला जाणारी, फोन सोडता येत नाही म्हणून फोनवरच कुरकुरणारी माणसं. त्यांच्या फोनमधून त्यांना फक्त त्रास येतो. फोन हाच ज्यांचा शेजार आहे, अशी बाई आमच्या एकाही तक्त्यात नव्हती. आणि अशा बाईच्या पोटी जन्मलेली मी तिथे बसून सौम्य राखाडी निवडत होते. बाकीच्यांना माफ करता येईल, त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत असायला हवं होतं.

ग्रुपवरच्या बाकीच्या बायकांचं काय, असं मला नंतर कुणी कुणी विचारलं. त्यांनी फुलं टाकली आणि कामाला लागल्या. मोजत कुणीच नव्हतं, मोजायला दुबईवाल्या काकू होत्या.

त्याच दुपारी आम्ही अल कुसैसला गेलो. चाचींच्या मुलाची संध्याकाळची फ्लाइट होती, त्याआधी भेटायचंच असं आईने धरलं. तो बॅग घेऊन बिल्डिंगखाली उभा होता, टॅक्सीची वाट बघत. चाचींच्या मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं होतं, दुसऱ्या दिवशी चिपळूणला ऑपरेशन. आईने त्याच्या तोंडावरून हात फिरवला.

"चूक माझी," आई म्हणाली. "फोन बिघडला होता माझा. मी हिला उठवायला पाहिजे होतं, मी उठवलं नाही."

"काकी, तुमची काय चूक? तुम्ही एवढ्या लांबून एवढं करता. अम्मी बोलते ना, माझ्या बहिणीपेक्षा जास्त."

मी तिथेच उभी होते. फोन बिघडला नव्हता. फोन मी बिघडवला होता. मला हे एका वाक्यात सांगता आलं असतं. टॅक्सी यायला अजून पाच-सात मिनिटं होती, त्याने मला विचारलंसुद्धा, "काकींचा फोन नीट झाला ना ताई? तुमचं तर कामच ते." मी "हो, झाला," म्हणाले. परतीच्या वाटेवर गाडीत आई फोनवर ग्रुपमधली फुलं एकेक करून बघत होती. मला वाटत होतं, तिने माझ्यावर तोंडसुख घ्यावं. तिने ते केलं नाही.

सोमवारी मी ऑफिसात जाऊन सांगितलं की टोपली काढा. गाढ शांतताही काढा. झालेलं सगळं सांगितलं. खोलीत सगळे गंभीर झाले, एकीने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मग प्रॉडक्ट हेड म्हणाला, "आय ॲम सो सॉरी. रिअली. लेकिन यार, धिस इज ॲन एज केस."

एज केस म्हणजे कडेचं प्रकरण. क्वचित कुणाच्या तरी बाबतीत होणारं, ज्यासाठी सगळं बदलायची गरज नाही असं. चाची म्हणजे कडेचं प्रकरण. अकरा बायका म्हणजे कडेचं प्रकरण. टोपली लोकांना सगळ्यांत जास्त आवडते, ती काढता येणार नाही. सेटिंगमध्ये एक पर्याय देऊ, ज्यांना नको ते बंद करतील.

"कुठे देणार?" मी विचारलं.

तिसऱ्या पानावर, 'इतर'मध्ये.

मी तरी काय केलं? जे मला येतं तेच. शनिवार-रविवार बसून मी आईच्या हजेरीसाठी एक डिझाइन तयार केलं. मोठी अक्षरं, काळी, पांढऱ्यावर. प्रत्येकीसमोर एक गोल, फूल आलं की हिरवा, नाही आलं तर केशरी. आईला दाखवलं. तिने चष्मा लावून सगळं नीट बघितलं, मग लॅपटॉप हळूच माझ्याकडे सरकवला.

"आम्हाला फुलं पुरत होती गं," ती म्हणाली.

ते डिझाइन माझ्या लॅपटॉपवर प्रॉडक्ट हेडने बघितलं. त्याचे डोळेच चमकले. "हबीबी, धिस इज अ प्रॉडक्ट! एल्डर केअर! मुलं परदेशात, आईवडील तिकडे एकटे, महिन्याला वीस दिरहम कोण देणार नाही? साडेचारशे-पाचशे रुपये, कुछ भी नहीं है!" तो तिथल्या तिथे फळ्यावर लिहायला लागला. आणि आईची गोष्ट, तो म्हणाला, पहिल्या स्लाइडवर घेऊ. फार इमोशनल आहे.

मी ओरडले. काय ओरडले ते पूर्ण आठवत नाही. मराठीतून ओरडले एवढं आठवतं, कारण समोरच्याला कळत नव्हतं आणि मला थांबता येत नव्हतं. तुझ्या आईला टाक त्या स्लाइडवर, असंही म्हणाले. ऑफिसभर शांतता पसरली, अगदी गाढ.

एचआरने बोलावलं. मी माफी मागितली. हो, मागितली. माझा व्हिसा नोकरीवर, मुलीची शाळा माझ्या पगारावर, आईचा व्हिसा माझ्या नावावर, दर वर्षी नवीन करावा लागतो. इथे राग धरायलासुद्धा कागद लागतात. मी माफीचं पत्र टाइप केलं, आणि त्यातल्या 'तीव्र मतभेद'चं 'सौम्य मतभेद' करा असं मला सांगण्यात आलं, तेही केलं. ते डिझाइन मात्र मी पुसून टाकलं. त्यांनी दुसऱ्याकडून करून घेतलं असेल तर माहीत नाही, मी विचारत नाही.

चाचींचं ऑपरेशन झालं. त्या वाचल्या. पण एकटं राहता येणार नाही म्हणून त्यांच्या मुलीने त्यांना पनवेलला नेलं, आणि समोरचा ब्लॉक बंद झाला. त्या अजूनही ग्रुपवर आहेत. सकाळी फूल टाकतात, कधी नऊला, कधी अकराला. आता त्यांच्या फुलावर काही अवलंबून नाही.

आणि एक दिवस ग्रुपवरच्या वरच्या बाईंचा आईला व्हॉइस मेसेज आला. फार गोड आवाजात होता तो. "तुम्ही एवढ्या लांब, तिथे नेटवर्कचं काही खरं नसतं, तुमच्या घरातही सगळ्यांच्या वेळा असतात. तुम्हाला कशाला रोजचा ताप? इथूनच बघत जाऊ आम्ही." आईने तो दोनदा ऐकला. मी समोर होते, तरी आवाज कमी केला नाही. मग तिने उत्तर दिलं, "बरं झालं, मीच म्हणणार होते." आणि फोन पालथा ठेवला. मी कधी नव्हे ते 'आई, ऐक ना' म्हणाले तर ती म्हणाली, "तुला उशीर होईल."

आता ती साडेपाचला उठते. फूल टाकते आणि उठते. गेल्या महिन्यात सर्दीमुळे तिला जाग आली नाही, तर सव्वासहाला तिचा फोन वाजला. वरच्या बाई विचारत होत्या, बऱ्या आहात ना? आई म्हणाली, "हो, हो, आहे." फोन ठेवल्यावर तिने पलंगाच्या कडेला बसून आपलं फूल टाकलं. आम्हाला जे शांत घर हवं होतं ते आता आम्हाला मिळालंय. सकाळी टिंग वाजत नाही. मुलगी म्हणते, "आजी इज सो मच बेटर नाऊ." एकदा मी तिच्यावर यासाठी एवढी खेकसले की तिने दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. बरोबर केलं तिने. तिला शिकवलं कुणी?

परवा ऑफिसातून येताना मला आमच्या बिल्डिंगखालच्या ग्रोसरीत आई दिसली. काउंटरला टेकून उभी होती आणि तिचा फोन दुकानदाराच्या हातात होता. केरळचा आहे तो. गिऱ्हाइकं थांबवून तो बोटाने काहीतरी करत होता आणि आई मान वाकवून बघत होती. मध्येच तिने काहीतरी विचारलं. त्याने परत पहिल्यापासून करून दाखवलं, न चिडता.

मी आत गेले. "काय झालं आई?"

"काही नाही," आई म्हणाली.

"अम्मा का अक्षर छोटा हो गया था," दुकानदार म्हणाला. "मैं बड़ा कर दिया. अम्मा तो हर हफ्ते आती है, कुछ न कुछ पूछने."

दर आठवड्याला. मी सतरा वर्षं फोनच्या पडद्यावरची अक्षरं लहानमोठी करण्याचे पैसे घेते. मला तिने इतक्यात कधी विचारलं नव्हतं. त्या सकाळी स्वयंपाकघराच्या दारात विचारलं, ते शेवटचं.

आईने फोन घेतला, त्याला थँक्यू म्हणाली, आम्ही बाहेर आलो. लिफ्टमध्ये मी हात पुढे केला.

"बघू, नीट दिसतंय का आता?"

"दिसतंय," आई म्हणाली. तिने फोन पर्समध्ये टाकला, चेन लावली, आणि सहाव्या मजल्याचं बटण दाबलं.